‘फाईल देता येत नाही’ म्हणाले, तर?
वाचकांचे प्रश्न : रुग्णहक्क

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार तोंडी केलेली आणि उत्तरही तोंडीच मिळालेलं. त्यामुळे या वेळी कायद्याच्या कलमांपेक्षा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा आणि त्यात काय लिहायचं, यालाच जास्त जागा दिली आहे.

वडील बारा दिवस आयसीयूत होते, तिथेच गेले. हॉस्पिटलने फक्त डिस्चार्ज कार्डासारखा एक कागद दिला. पूर्ण फाईल मागितली तर ‘ती हॉस्पिटलची प्रॉपर्टी आहे, कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणतात. – एक वाचक, कोथरूड

मूळ फाईल हॉस्पिटलने सांभाळायची असते, हे खरं. पण तिची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ती जपून ठेवायची. रुग्ण हयात नसेल तर वारसाने अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद आणि स्वतःचं ओळखपत्र जोडावं.

आता अर्ज कसा करायचा ते. ‘फाईल द्या’ एवढंच लिहिलं की पुन्हा तेच डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. कोणते कागद हवेत ते नावानिशी लिहा: आंतररुग्ण केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, नाडी-तापमान-रक्तदाबाचा तक्ता, औषधं दिल्याचा तक्ता, सह्या केलेली सगळी संमतिपत्रं, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट. शस्त्रक्रिया झाली असेल तर शस्त्रक्रियेची आणि भुलीची नोंद. व्हेंटिलेटरवर असतील तर त्याचा चार्ट वेगळा मागा. सीटी किंवा एमआरआय झालं असेल तर नुसता रिपोर्ट नको, सीडीही हवी. वरच्या बाजूला आयपीडी नंबर (म्हणजे आंतररुग्ण क्रमांक) आणि भरतीची तारीख टाका. झेरॉक्सचा वाजवी खर्च द्यायला तयार आहोत, असं एक वाक्य घाला, म्हणजे त्या कारणावरून अर्ज अडकणार नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. वेळ एवढ्यासाठी, की ७२ तास तिथून मोजायचे. शिक्का मारायला नकार दिला तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी तोच अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा आणि पावती जपून ठेवा. मुदत उलटली की हॉस्पिटलची तक्रार पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि डॉक्टरांची मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करा. तक्रारीला तो शिक्क्याचा कागद जोडायचा.

एक सावधगिरी. मागणी जितकी लवकर कराल तितकं बरं. सहा महिन्यांनी मागितलेल्या फाईलमध्ये नंतर पानं घातली की काय, हा संशय दोन्ही बाजूंना छळतो. तो फेडणं पुढे फार अवघड जातं. प्रती हातात आल्या की प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि एकूण पानं किती ते पोचपावतीवर लिहून घ्या.

रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून भावाला नेलं, तर आधी डिपॉझिट मागितलं. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी खाटा राखीव असतात असं ऐकतो, पण मिळतात कोणाला? – एक वाचक, हडपसर

यात दोन वेगळे हक्क आहेत आणि ते एकत्र केले की दोन्ही हातचे जातात.

पहिला तातडीच्या उपचाराचा. तो सगळ्यांना आहे, उत्पन्न कितीही असो, हॉस्पिटल खासगी असो वा सरकारी. जीव वाचवण्याला बाकी सगळ्या औपचारिकतांच्या आधीचं स्थान आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद त्या नियमांचाच भाग बनली. हॉस्पिटलकडे लागणारी सोय नसेल तर रुग्णाला आधी स्थिर करायचं आणि मग कागदपत्रांसह पुढे पाठवायचं. गेटवरून ‘बेड नाही’ म्हणून परत पाठवणं यात बसत नाही.

दुसरा हक्क धर्मादाय खाटांचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. खर्चासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. याच योजनेत असंही आहे की तातडीच्या रुग्णाला या रुग्णालयांनी अनामत न मागता लगेच दाखल करून घ्यायचं.

मग मिळत का नाही? बहुतेक वेळा नातेवाईक बिलिंगच्या खिडकीवर विचारतात. तिथला माणूस ‘शिल्लक नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. विचारायचं वैद्यकीय समाजसेवकाकडे, म्हणजे हॉस्पिटलात ज्याला ‘सोशल वर्कर’ किंवा ‘एमएसडब्ल्यू’ म्हणतात त्याच्याकडे, आणि भरतीच्या पहिल्याच दिवशी. शेवटच्या दिवशी बिल बघून धावलात तर उत्तर तयार असतं, की तुम्ही स्वखर्चाने दाखल झालात, इथे सही आहे. ती सही भरतीच्या फॉर्मवर घाईत झालेली असते. खाट जनरल वॉर्डातलीच मिळते. सेमी-प्रायव्हेट खोली घेतली की योजनेतून आपण आपल्याच हाताने बाहेर पडतो.

कागद तीन: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. दाखला निघायला पंधरा दिवस लागू शकतात. ज्यांच्या घरी डायलिसिस किंवा कर्करोगाचा रुग्ण आहे, त्यांनी तो आधीच काढून ठेवावा. तातडीच्या वेळी कागद नसले तरी भरती थांबवता येत नाही, ते नंतर द्यायचे. ‘खाटा भरल्या’ हे खरं की खोटं, ते धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरच्या रिकाम्या खाटांच्या यादीवरून ताडून पाहा. यादीत खाट रिकामी आणि काउंटरवर भरलेली असेल, तर तारीख-वेळ दिसेल असा त्या पानाचा फोटो घ्या आणि ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आणि या सगळ्याच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, ते बघा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं चालतं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. हेल्पलाइन १५५३८८.

डिस्चार्ज सकाळी सांगितला, रात्रीपर्यंत सोडलं नाही. आधी इन्शुरन्सची मंजुरी नाही म्हणून, मग बिलावर आम्ही वाद घातला म्हणून. औषधंही त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायला लावली. – एक वाचक, सिंहगड रस्ता

इन्शुरन्सचा भाग सोपा आहे. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, कॅशलेसची पहिली विनंती आली की कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तास उलटल्यामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा, तुम्ही नाही. गोम अशी, की तीन तास हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून मोजतात, आणि बऱ्याचदा फाईल दुपारपर्यंत हॉस्पिटलच्याच ‘टीपीए डेस्क’वर, म्हणजे विम्याचे कागद हाताळणाऱ्या टेबलावर, पडून असते. म्हणून ‘फाईल किती वाजता पाठवली?’ हा प्रश्न आधी विचारा आणि त्या ईमेलची वेळ बघायला मागा. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नारायण पेठेतल्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

बिलाच्या वादासाठी माणसाला अडकवून ठेवता येत नाही. रुग्णाला नाही आणि मृतदेहाला तर नाहीच. थकबाकी वसूल करायला हॉस्पिटलला दिवाणी मार्ग मोकळा आहे. तरीही सोडत नसतील तर ११२ वर फोन करा. बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे, हे शब्द शांतपणे उच्चारले तरी बऱ्याचदा काम होतं. शांतपणे हे मुद्दाम म्हणतो. काचेला हात लागला की बाजू उलटते. २०१० च्या राज्य कायद्यात वैद्यकीय संस्थेतली तोडफोड अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

बिल भरूनच बाहेर पडायचं ठरवलंत तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं पत्र देऊन भरा आणि तपशीलवार बिल मागा. ‘औषधे व साहित्य ८६,४००’ अशी एक ओळ म्हणजे तपशील नव्हे. हे बिल नर्सिंग चार्टाशेजारी ठेवून वाचायचं. तीन दिवसांच्या भरतीत हातमोज्यांच्या साठ जोड्या, चार्टावर दिवसाला दोन इंजेक्शनं आणि बिलात चार, न वापरता परत केलेल्या औषधांची वजावट नाही, अशा चुका तिथे सापडतात. स्टेंट बसवला असेल तर बिलात त्याचा ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवावा लागतो. स्टेंट आणि गुडघ्याचा कृत्रिम सांधा यांच्या किमतीवर २०१७ पासून कमाल मर्यादा आहे. भरतीचा आकार, खाटेचं भाडं, आयसीयू, ऑक्सिजन, भूल, शस्त्रक्रियागृह असे दर हॉस्पिटलने दर्शनी भागात लावायचे असतात. आत जातानाच त्या फलकाचा फोटो काढून ठेवलेला बरा.

औषधं कुठून घ्यायची ते तुम्ही ठरवायचं. बाहेरून आणलीत तर पक्कं बिल घ्या, बॅच क्रमांक आणि मुदत नर्सला दाखवा. थंड ठेवायची इंजेक्शनं बर्फाच्या डब्यातूनच आणा. नाहीतर ती नाकारण्याचं योग्य कारण त्यांच्या हातात आपणच देतो.

मी व्हीलचेअर वापरते. घराजवळच्या सोनोग्राफी सेंटरला चार पायऱ्या आहेत. ‘दोन माणसं आणा, उचलून घेऊ’ म्हणतात. – एक वाचक, सहकारनगर

उचलून घेणं ही सोय नव्हे. शिवाय ते धोक्याचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांच्या आणि आरोग्य केंद्रांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश सांगितला आहे. सर्व भागांत, म्हणजे दारापासून तपासणीच्या टेबलापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत. त्याच कलमात तपासणी-उपचारात दिव्यांगांना प्राधान्यही आहे, म्हणजे रांगेत आधी घ्या असं तुम्ही हक्काने सांगू शकता. खासगी सेवा देणाऱ्यांना बदल करायला नियम आल्यापासून दोन वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. मुदत संपून किती वर्षं झाली ते बोटांवर मोजा.

सेंटरवाले ‘करतो रॅम्प’ म्हणतील आणि एक फळी टाकतील. ती मान्य करू नका. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या चार पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या धरल्या तर उंची ६० सेंटिमीटर आणि रॅम्प सात मीटर वीस सेंटिमीटर लांब. एवढी जागा पुण्यातल्या जुन्या इमारतीच्या पुढ्यात क्वचितच असते, तेव्हा त्यांना लिफ्ट किंवा व्हीलचेअरसकट वर-खाली सरकणारा प्लॅटफॉर्म बसवावा लागेल, नाहीतर तळमजल्यावर खोली द्यावी लागेल. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी.

टेप घेऊन कोणाला तरी पाठवा. पायऱ्यांची संख्या, एका पायरीची उंची, दाराची रुंदी आणि दोन फोटो एवढं जोडून आधी सेंटरला पत्र द्या. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. ते कार्यालय आपल्याच शहरात आहे, कॅम्पात, ३ चर्च रोड. कायदा मोडल्याचा पहिला दंड दहा हजारांपर्यंत, नंतरचा पन्नास हजार ते पाच लाख. मापं लिहिलेली तक्रार ‘गैरसोय होते’ एवढंच म्हणणाऱ्या तक्रारीपेक्षा लवकर हलते.

मुलगा बावीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. दाढा काढायला पूर्ण भूल लागणार आहे. हॉस्पिटल म्हणतं, तो सज्ञान आहे, तुमची सही चालणार नाही. – एक वाचक, चिंचवड

हॉस्पिटल तुम्हाला त्रास देत नाहीये, कायद्याची अडचण खरी आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने वाट ठेवली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आई-वडिलांनी करायचा, सोबत मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, तुमची ओळखपत्रं आणि फोटो. आई-वडील दोघेही असतील तर दोघांच्या सह्या घ्या. एकाच सहीमुळे अर्ज परत येतात. समितीची बैठक रोज नसते, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधीच अर्ज करा. खरं तर मुलगा सतरा वर्षांचा झाला की कागद जमवायला लागावं.

जीव धोक्यात असेल तर संमतीसाठी कोणी थांबत नाही, डॉक्टर उपचार करू शकतात. दाढा त्यात बसणार नाहीत, पण पसरलेला संसर्ग आणि श्वासाला अडथळा बसेल.

पालकत्व मिळालं म्हणून मुलाला विचारायचं नाही असं नाही. भुलीचा मास्क आदल्या दिवशी हातात देऊन दाखवायला सांगा. सकाळची पहिली वेळ मागा: भुलीआधी साधारण सहा तास जेवण आणि दोन तास पाणी बंद असतं आणि दुपारपर्यंत उपाशी ठेवलं की ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा फाईलवर पडतो. भूल देताना आणि जाग येताना घरचं एक माणूस जवळ राहील, हे आधी लिहून मागा. याच चार गटांसाठी ‘निरामय’ हा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

पायाचं दिव्यांगत्व ४५ टक्के आणि कानाचं ३० टक्के, मग प्रमाणपत्रावर ७५ ऐवजी ६० कसे? – एक वाचक, औंध

बेरीज सरळ होत नाही. मोठा आकडा घ्यायचा, नव्वदमधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागायचं आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. ९० वजा ४५ म्हणजे ४५. त्याला ३० ने गुणून ९० ने भागलं की १५. ४५ अधिक १५, साठ. हिशोब बरोबर आहे. मुळातले ४५ किंवा ३० चुकीचे वाटत असतील तर प्रमाणपत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करा. अपिलाला नवा श्रवण आलेख आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी सांध्याची हालचाल अंशांत मोजून दिलेला रिपोर्ट जोडा.

भाऊ खासगी मानसोपचार केंद्रात आहे. तो घरी यायचं म्हणतो, केंद्र सोडत नाही, फोनही देत नाही. – एक वाचक, वाघोली

आधी एकच विचारा: भरती कोणत्या कलमाखाली केली? मानसिक आरोग्य काळजी अधिनियम, २०१७ प्रमाणे तो स्वतःच्या सहीने, कलम ८६ खाली दाखल असेल, तर तो मागेल तेव्हा सोडावं लागतं. फार तर २४ तास थांबवून तपासता येतं. कलम ८९ खाली, तुमच्यापैकी कोणाच्या तरी अर्जावरून दाखल असेल, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केलेली हवी, मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची, आणि केंद्राने सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवलेलं हवं. महिला किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. कळवल्याची प्रत मागा. प्रतच नसेल तर त्या भरतीला आधार नाही.

फोन करणं आणि घेणं हा त्याचा हक्क आहे. साखळीने बांधणं कोणत्याही स्थितीत बेकायदा. मंडळाकडे तो स्वतः, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. वकील हवा असेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो.

डॉक्टरांची चूक झाली असं वाटतं. वैद्यक परिषदेकडे जाऊ की ग्राहक आयोगाकडे? – एक वाचक, भोसरी

पैसे हवे असतील तर ग्राहक आयोग, डॉक्टरांवर कारवाई हवी असेल तर परिषद. दोन्हीकडेही जाता येतं. परिषद ताकीद देते किंवा नोंदणी निलंबित करते, पण रुपयाची भरपाई देत नाही. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, आणि परिषदेच्या निकालाची वाट पाहत ती निघून गेलेली प्रकरणं कमी नाहीत. तुम्ही हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, उपचार मुंबईत झाले असले तरी. सगळ्यांना सर्वस्वी मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय मात्र ग्राहक कायद्यात येत नाही.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. पोटात राहिलेला कापूस दाखवायला तज्ज्ञ लागत नाही. औषधाचा डोस बरोबर होता का, या वादात लागतो. कोणत्याही बाजूने गेलात तरी पहिला कागद फाईलची प्रत, म्हणजे वर कोथरूडच्या वाचकांना सांगितलेला अर्ज. तो आजच टाका.